उजवीकडून वाचायचे व्याही

सरळ माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आपल्या सरळपणाने दुसऱ्याचं डोकं फिरवून सोडणारा माणूस आमच्या व्याह्यांशिवाय रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत दुसरा सापडणार नाही. मी श्रीवर्धनचा सुपारीचा व्यापारी आहे. झाडावरचा माल खाली उभं राहून बघायचा आणि भाव बोलायचा, यात माझी हयात गेली. समोरचा माणूस 'नाही' म्हणाला की त्या नाहीमध्ये होकार किती शिल्लक आहे, हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. पण व्याही बोलायला लागले की मला काही म्हणजे काही कळत नाही. न कळलेल्या मालाला हात लावायचा नाही हा माझा नियम, आणि तरीही मी त्यांच्यावर लिहायला बसलो आहे, कारण माझी त्यांच्याविषयी एक जुनी तक्रार आहे. तक्रार माझ्या आईच्या चेहऱ्याची आहे. माझ्या आईचा एकही फोटो नाही. आमच्या लहानपणी घरात फोटो दोनच, एक बुद्धाचा आणि एक बाबासाहेबांचा. तिसरा फोटो काढून घ्यावा असं आमच्यात कुणाला सुचलंही नाही. तो चेहरा व्याह्यांनी माझ्यासाठी आणला होता, अगदी माझ्या हातात ठेवला होता, आणि तरी तो मला दिसला नाही. यात चूक कुणाची, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे.

व्याही मुरुडचे. नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात. साखळी ओढायची, खुणा करायच्या आणि मग बारीक निबाच्या पेनाने शेतांचे नकाशे काढायचे. त्यांच्या हाताची रेघ म्हणजे ताणलेली दोरी. निवृत्त झाल्यावर आमच्या समाजातली बरीच माणसं विहाराच्या कामाला लागतात, तसे तेही लागले. एका पौर्णिमेला त्यांना 'देशोदेशीचा धम्म' या विषयावर बोलायचं होतं. श्रीलंकेचं पुस्तक मिळालं, ब्रह्मदेशाचं मिळालं, जपानचं काही मिळेना. शेजारी एक लॉज आहे. पर्यटक जाताना जे काही विसरून जातात ते तिथला मालक एका खोक्यात टाकून ठेवतो. त्याने खोक्यातून एक जाडजूड पुस्तक काढून दिलं आणि म्हणाला, "नाना, ह्यो घ्या जपान." ते निघालं चित्रांचं. त्यात बुद्ध कुठेच नव्हता. एक पोरगा होता, त्याचे केस झाडूसारखे उभे आणि तो दिसेल त्याला मारत सुटला होता. दुसऱ्या कुणी पुस्तक परत केलं असतं. व्याह्यांनी पुढचा भाग आहे का विचारलं.

तेव्हापासून हा माणूस आमच्या भाषेत राहिला नाही. इंग्रजी पुस्तकं, शेजारी शब्दकोश, अडलं तर माझी मुलगी सुजाता, म्हणजे त्यांची सून. मी एकदा जेवताना सहज म्हणालो, "काय व्याही, कॉमिक कुठवर आलं?" त्यांनी घास खाली ठेवला. "तुम्ही सुपारीला नुसती सुपारी म्हणता का? रोठा वेगळी, सालासकटची असोली वेगळी. तसं हे. जपानचा तो मांगा, कोरियाचा तो मानह्वा आणि चीनचा तो मानहुआ." मी म्हटलं, फरक सांगा. ते म्हणाले, "मांगा काळापांढरा, पानापानांचा. मानह्वा रंगीत, तो मोबाइलवर. विहिरीत पोहरा सोडावा तसा वरून खाली सोडत जायचा." आणि चीनचा? "त्यात माणसं डोंगरावर बसून शेकडो वर्षं तप करतात आणि मग एकमेकांना मारतात." मी बराच वेळ विचार केला आणि माझा निकाल सांगितला, की माल एकच आहे, गोण्या तीन केल्यात. यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी स्वतः नवशिक्या गिऱ्हाइकाकडे टाकतो.

पुढे प्रतवारी आली. प्रतवारी म्हटल्यावर मी कान टवकारले, तो माझा प्रांत. पोरांसाठीचा तो शोनेन, पोरींसाठीचा शोजो, बाप्यांसाठीचा सेइनेन आणि बायांसाठीचा जोसेई. मला वाटलं, चला, काहीतरी हिशेबात बसलं. मग मी बघतो तर साठी उलटलेला हा माणूस पडवीत बसून पोरींच्या प्रतीचं वाचतोय आणि डोळे पुसतोय. काय झालं विचारलं, तर म्हणाले, "त्या दोघांनी अजून एकमेकांना सांगितलं नाही."

"कधीपासून चाललंय?"

"हे बारावं पुस्तक."

"मग मध्ये कुणीतरी माणूस घाला. त्याशिवाय सौदा होणार कसा?"

"व्याही, न होण्यातच गंमत आहे," ते म्हणाले. न होणाऱ्या सौद्यात कसली गंमत, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

शब्द घरात राहिले असते तर मी काही बोललो नसतो, पण ते गावात फिरायला लागले. धंद्यात किंवा शिक्षणात आपल्या पुढे असलेल्याला जपानी पोरं सेन्पाई म्हणतात. व्याही मुरुडच्या बाजारात मासे घ्यायला गेले आणि तिथल्या सगळ्यात जुन्या कोळणीला सेन्पाई म्हणाले. ती कोयता हातात घेऊनच उभी राहिली. "नाना, ही शिवी हाय का काय ते आधी सांग." व्याह्यांनी तिथेच उकिडवं बसून तिला अर्थ समजावला. तिला तो इतका पटला की आता नवीन बसलेल्या बायांना ती दम भरते, सेन्पाई बसली हाय, तिच्या आधी भाव बोलायचा न्हाय. आगरदांड्याहून दिघीला येणाऱ्या फेरीबोटीत बसले की ते दरवेळी मला सांगतात, "व्याही, हे आता इसेकाई." म्हणजे एका जगातला माणूस अचानक दुसऱ्याच जगात जाऊन पडतो, तिथे राक्षस असतात, जादू असते, आणि इथे ज्याला कुणी विचारत नव्हतं तो तिथे मोठा होतो, अशा गोष्टींचा तो प्रकार. मी त्यांना सांगितलं की दिघीला उतरलेला माणूस फार तर भजी खातो आणि श्रीवर्धनची एसटी पकडतो. ते म्हणाले, "तुम्ही आईबरोबर श्रीवर्धनला आलात तेव्हा काय होता आणि आज काय आहात? मग?" ते माझ्याविषयी बरं बोलले की वाईट, हे ठरत नव्हतं.

कारण बरं बोलतात की वाईट, हे त्यांच्या बाबतीत कधीच ठरत नाही. सोयरीक जमवतानाच्या बैठकीत मी जेवणावळीवरून आणि मंडपावरून चांगला कडकडून भांडलो होतो. लग्नात मात्र मुलगी निघाली तेव्हा मी जरा मंडपामागे जाऊन उभा राहिलो. धूळ फार होती. परत आलो तर व्याही सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "आमचे व्याही त्सुंदेरे आहेत." पोरंपोरी हसली. सुजाताही, डोळ्यांत पाणी असताना, हसली. अर्थ विचारला तर कुणी सांगेना. जावई म्हणाले चांगलं असतं. त्यांच्या मावसबहिणीने सांगितलं की असं बहुतेक पोरींना म्हणतात. शेवटी व्याह्यांनाच धरलं, तर म्हणाले, "वरून करवादतो आणि आतून मऊ असतो तो. असोली सुपारी म्हणा." आता सुपारी सालीपेक्षा आत जास्त कडक असते, हे श्रीवर्धनच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ज्याला ही उपमा देता येत नाही त्याने मला दिलेल्या पदवीवर मी विश्वास का ठेवावा?

आणि तरी मी मुरुडला गेलो की संध्याकाळी आम्ही दोघं किनाऱ्याने चालायला निघायचो. ते त्यांच्या गोष्टी सांगायचे, मी माझ्या. त्यांच्या दहा वाक्यांतलं एखादं मी ऐकायचो, बाकीच्या वेळी पुढच्या खरेदीचा विचार करायचो. हे मी लपवत नाही, व्यापारी माणसाला तसं करावंच लागतं. ते मात्र माझं सगळं ऐकायचे आणि मोजणीदारासारखे मध्येच खुणा ठोकायचे. मी सांगत असायचो की आई दुसऱ्यांच्या खळ्यावर सुपाऱ्या सोलायला जायची, मी तिच्या बाजूला बसून सालं भरायचो, मग हातगाडी केली, मग दुकान. ते विचारायचे, "तुमची आई दाराच्या कुठल्या अंगाला बसायची? उजव्या की डाव्या?" मी म्हणायचो, डाव्या, उजेड तिथून यायचा. "अंगठ्याला काही बांधायची का?" चिंधी बांधायची, कापू नये म्हणून. "पदर डोक्यावरून?" मला वाटायचं, निवृत्त माणूस, वेळ जात नाही, विचारतोय.

मग माझ्या नव्या गोदामाचं उद्घाटन झालं. हे गोदाम म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही. ज्या खळ्यावर आई बसायची त्याच्या समोरच्या जागेवर ते उभं आहे, एवढंच सांगतो. आधी वंदना झाली, मग खीर. गावातले सगळे व्यापारी आले होते, ज्यांनी एके काळी मला उन्हात उभं ठेवलं तेही आले होते, आणि मी मुद्दाम त्यांना खुर्चीवर बसवलं होतं. तेवढ्यात व्याही पुढे झाले आणि त्यांनी एक शिवलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं. स्वतः काढलेलं. "वन-शॉट आहे," म्हणाले. एका भागात संपणारी गोष्ट, असा अर्थ नंतर कळला. मी सगळ्यांसमोर पुस्तक उघडलं, जसं मराठी माणूस उघडतो तसं. पहिल्या पानावर मी, हे गोदाम, ही माणसं. झकास. लोक खांद्यावरून वाकून बघायला लागले. पान उलटलं, तर गोदाम नाही, छोटं दुकान. पुढच्या पानावर दुकानही नाही. हातगाडी, आणि मी ती ओढतोय. त्याच्या पुढे हातगाडीही गेली आणि मी कुणाच्या तरी दारात डोक्यावर गोण घेऊन उभा. मागून एक जुना व्यापारी सावकाश म्हणाला, "व्याह्यांनी भविष्य काढलंय वाटतं."

मी पुस्तक मिटलं. पुढची पानं बघायला मी काही संत नव्हतो. "व्याही," मी म्हणालो, "माझ्याच दारात येऊन माझं दिवाळं वाजवताय?"

ते म्हणाले, "अहो, तुम्ही दुसरीकडून..."

"दुसरीकडून काय? जे बोलायचं ते समोरून बोला."

मी आणखी बरंच बोललो. आवाज मला जन्मतः मोठा मिळाला आहे. व्याह्यांनी पुस्तक घेतलं, पिशवीत ठेवलं आणि खीर न खाता गेले. सुजाता त्यांच्यामागे गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतर मुरुडची वाट बंद. मी जाणार नाही, ते येणार नाहीत. सुजाताचा फोन यायचा, पण तिच्या आईला. बरेच महिने असे गेले आणि एक दिवस बायकोने फोन ठेवताना सांगितलं, "नानांनी हायेटस घेतलाय म्हणे." मला काही तरी पोटाचं वाटलं. भांडण भांडणाच्या जागी, माणूस माणसाच्या जागी. मी दुसऱ्याच दिवशी मुरुडला जाणाऱ्या टेम्पोत शहाळी घालून दिली. उलट निरोप आला: आभारी आहे, पण हा आजार शहाळ्यांनी जात नाही. मी घाबरून सुजाताला फोन लावला. ती आधी हसली, मग थांबली. चित्रं काढणाऱ्याने मध्येच काम थांबवलं की त्याला हायेटस म्हणतात. नानांनी त्या दिवसापासून पेन उघडलेलं नाही. "बाबा," ती म्हणाली, "ते पुस्तक उजवीकडून वाचायचं असतं. मांगा तसाच असतो. तुम्ही शेवटापासून सुरुवात केलीत."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"नाना म्हणतात, त्यांनी तुम्हाला किनाऱ्यावर किती तरी वेळा सांगितलंय."

सांगितलं असेल. ते मी ऐकलेल्या दहाव्या वाक्यात नसणार. आणि माझं म्हणणं आजही तेच आहे: बोलण्याच्या फुग्यांमधली अक्षरं मराठी, ती डावीकडून, चित्रं जपानी, ती उजवीकडून, गिऱ्हाइकाने एक डोळा इकडे आणि एक तिकडे ठेवायचा काय? गोणीवर खूण न करता माल दिला तर दोष घेणाऱ्याचा नसतो. हे सगळं मी सुजाताला ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पहिलं पान तुम्ही पाहिलंच नाहीत. त्यावर आजी आहे."

मी फोन ठेवला. त्या दिवशी एक बागवाला मालाचा भाव सांगत होता, तो मी घासाघीस न करता कबूल केला. तो बिचारा बराच वेळ संशयाने तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या सकाळी मी दिघीहून फेरीबोटीत बसलो. वाटेत सौद्याची तयारी केली. पाहिजे असलेल्या मालाकडे बघायचं नाही, हा पहिला धडा. व्याही पडवीत बसले होते. "जयभीम" झाला, पाणी आलं. मी नारळाचा भाव काढला, लॉजच्या नव्या पत्र्यांविषयी बोललो, पावसाने भिंतीला धरलेल्या ओलीची चौकशी केली. मग जाता जाता म्हणावं तसं म्हणालो, "ते जुनं काहीतरी रद्दीत पडलं असेल, तर बघा. एवढा आलोच आहे तर नेतो."

"रद्दीत काही नाही," व्याही म्हणाले.

"नाही कसं?"

"रद्दीत नाही म्हणतोय. कपाटात आहे."

आत सुजाता हसल्याचं मला ऐकू आलं. व्याही उठले, पुस्तक आणलं आणि मला दिलं नाही. माझ्या शेजारी बसून स्वतःच्या मांडीवर ठेवलं, पाठ वर करून. "मीसुद्धा पहिलं पुस्तक उलटंच वाचलं होतं," ते म्हणाले. "सगळे आधीच मेलेले, मग एकेक उठून बसायला लागला. मला वाटलं पुनर्जन्माचं आहे, म्हणून मी विहारात त्यावर टीकाही करून आलो." हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर आमचे किती महिने वाचले असते, पण सांगायची वेळ कोणती हे या माणसाला कधी कळलेलं नाही. मग त्यांनी पुस्तक उजवीकडून उघडलं.

खळं होतं. दार होतं. दाराच्या डाव्या अंगाला, उजेडात, डोक्यावरून पदर घेतलेली बाई सुपाऱ्या सोलत बसली होती. अंगठ्याला चिंधी. बाजूला सालांच्या ढिगाआड एक पोरगं, नुसतं डोकं दिसत होतं. व्याह्यांनी आयुष्यभर शेतं काढली, त्यामुळे ते माणसाचा चेहरा काढतानाही आधी चतुःसीमा आखतात. त्यांची बाकी सगळी माणसं मोजणी झालेल्या तुकड्यांसारखी दिसतात. ही बाई तशी नव्हती. ती वर बघत होती, कुणीतरी हाक मारल्यावर बघतात तशी.

"मला चेहरा ठाऊक नव्हता," व्याही म्हणाले. "तुमचा घेतला, मिशा काढल्या. डोळे सुजाताचे घातले. बाकी तुम्ही सांगितलं तसं."

मी पुस्तक हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. पडवीत वारा होता, आणि धूळ मुरुडलाही असते. शेवटी मी म्हणालो, "नाक चुकलंय. तिचं जरा बसकं होतं."

व्याही उठले. आत गेले, बारीक निबाचं पेन आणलं, टोक पुसलं, कोरा कागद घेतला. आणि पेनाची रेघ ओढता ओढता खाली बघूनच म्हणाले, "त्सुंदेरे."

"शिवी देऊ नका," मी म्हणालो.

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा तरी मुरुडला जातो. पुस्तक मी अजून घरी नेलेलं नाही. दुरुस्त झाल्याशिवाय माल उचलायचा नाही. नाक झालं, मग हनुवटी निघाली, मग कान. व्याही दरवेळी नवं पान काढतात, आणि त्याला ओमाके म्हणतात. गोष्ट संपल्यावर वाचणाऱ्याला फुकट दिलेली वरची पानं. फुकट या शब्दावर मी हरकत घेत नाही. हल्ली त्यांचा हात जरा कापतो. ताणलेल्या दोरीसारखी ती रेघ मध्येच किंचित हलते, आणि आईच्या पदराची किनार वाऱ्यावर असल्यासारखी दिसते. ते चष्मा काढून बघतात आणि विचारतात, "बिघडलं का?" मी म्हणतो, पदराचं राहू द्या.

खरं म्हणजे आता मी डोळे मिटून आईला आठवायला जातो तेव्हा मला हेच चित्र दिसतं, त्यातलं नाक, सुजाताचे डोळे, माझीच हनुवटी. आधीचा चेहरा कसा होता, याची खात्री मला आता देता येणार नाही. हे मी व्याह्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर ते मला नवीन काही तरी समजावत असतात, हल्ली मी दहातली तीन-चार वाक्यं ऐकतो, तरी समजत काही नाही. परत आलो की ते कागद पुढे करतात. मी तो उजेडात धरतो, सुपारी पारखावी तसा फिरवून बघतो आणि म्हणतो, "नाक अजून थोडं." व्याही मान हलवतात आणि पेन उघडतात.